राजहंसाला जुंपलेलं पाखरू

कासारमळा गावात येसबा नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. भोळा म्हणजे किती? एकदा आई म्हणाली, "पाहुणे आलेत. मी येईस्तोवर त्यांना हलू देऊ नको." ती गेली बहिणीकडं आणि दोन दिवस तिथंच अडकली. परतली तेव्हा पाहुणे ओसरीवरच होते. खांबाला बांधलेले. चहा मात्र त्यांना वेळच्या वेळी मिळत होता. येसबा बशीनं पाजत होता.

हा येसबा विजयमालाताई शेट्यांकडं कामाला. ताईंचं घराणं गुऱ्हाळवाल्यांचं. ताईंनी गुळाची काहील भिंतीला उभी करून ठेवली आणि त्याच शेडमध्ये विजेवर चालणारी गाडी बनवायला घेतली. गाडीचं नाव पाखरू. बघाल तर पिठाच्या डब्याला चाकं लावलीत असं वाटावं. पण जोर असा, की चढावर चार बैलांनी मान खाली घालावी. आणि आवाज? अजिबात नाही. पाखरू शेजारी येऊन उभं राहिलं तरी माणसाला वाटे, वारा पडला.

समोर होते राजहंसवाले. सत्तर वर्षांची कंपनी, शहरात काचेचं शोरूम. राजहंसाचं दार लावलं की 'थप्प' असा नुसता श्रीमंतीचा आवाज. तिचं नाक एवढं लांब, की गाडी वळली तरी नाक थोडा वेळ मागच्याच गल्लीत राही.

ताईंच्या दिरानं बजावलं होतं, "वहिनी, दिवाळीपातूर एक तरी मोठं गिऱ्हाईक आणा. न्हाईतर पाखरू बाहेर आणि काहील चुलाणावर!"

ताई येसबाला कामावरून का काढत नव्हत्या? बाकीची माणसं सांगितलेलं काहीच करत नसत. येसबा सांगितलेलं सगळं करी. आणि गाडी अशी हाके, की टपावर ठेवलेला चहा सांडू नये.

पहिल्या दिवशी येसबानं पाखरू बाजारातून काढलं. आवाजच नाही, त्यामुळं कुणी बाजूला होईना. भाजीवाल्या आनंदीबाईंची वांग्यांची पाटी चाकाखाली गेली.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, ह्या गाडीला आवाज नाही. समोर माणूस दिसलं, जनावर दिसलं, की आवाज आपण करायचा. तोंडानं! मोठ्यानं!"

"एवढंच ना? आधी सांगायचं की, ताई."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हुपरीकर गाडी बघायला आले. पाखरात बसले, खूश झाले. म्हणाले, "येसबा, जाता जाता जरा सावंतांच्या दारावरनं घे. त्यांचे वडील गेले सकाळी. भेटून येतो."

सावंतांच्या अंगणात माणसं मान खाली घालून बसलेली. येसबाला समोर माणसं दिसली. त्यानं छाती भरून घेतली.

"घुर्रर्रर्र! पीं पीं पीं! व्हा बाजूलाऽऽ! घुर्रर्र!"

रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. भटजींच्या हातातली पळी पडली. तिरडी बांधणाऱ्यांनी गाठ सोडली आणि खरोखर बाजूला झाले. डॉक्टर सीटखाली लपले ते शहरात जाऊनच वर आले, आणि त्यांनी राजहंस घेतली.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, अशा दारात आवाज करतात का? मान खाली घालायची. डोळ्याला रुमाल लावायचा. म्हणायचं, वाईट झालं, पण देवापुढं कुणाचं चालतं?"

"एवढंच ना? आधी सांगायचं की, ताई."

त्याच आठवड्यात माळी हेडमास्तरांनी पाखरू घेतलं. पहिलं गिऱ्हाईक! दारात रांगोळी, चाकाखाली लिंबं, बाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. येसबानं गाडी आणून लावली. बघतो तर दार तसंच, अंगणात माणसंही तशीच जमलेली. तो उतरला. मान खाली घातली. रुमाल काढला.

"वाईट झालं, मास्तर," तो हुंदका देऊन म्हणाला, "पण देवापुढं कुणाचं चालतं?"

"अरे, कुणाचं काय झालं?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"आता झालं ते झालं. तुम्ही धीर धरा. पोराबाळांकडं बघा."

मास्तरांच्या बाईंनी गाडीचा हार काढला, आरती विझवली आणि मास्तरांकडं असं बघितलं, की मास्तर त्याच पावली गाडी परत द्यायला निघाले. पुढच्या सोमवारी त्यांच्या दारात राजहंस उभी होती.

ताईंनी कपाळावर दोन्ही हात मारले. "अरे शहाण्या, कुणाच्या दारात नवं काही आलं, की तोंड भरून हसायचं. कुंकू लावायचं. धन्याच्या तोंडात पेढा कोंबायचा. म्हणायचं, अशा आणखी दहा येवोत!"

"एवढंच ना? आधी सांगायचं की, ताई."

त्या दिवसापासून येसबा पाखरात पेढ्यांचा पुडा आणि कुंकवाची डबी ठेवू लागला.

आता राजहंसवाल्यांचे एक पारसनीस साहेब होते. टाय लावून गावोगाव गाड्या विकत फिरायचे. एका सकाळी त्यांची राजहंस वळणावर घसरली आणि शाळेच्या दाराशी कालव्यात नाक खुपसून बसली. बंपर एकीकडं, दिवा दुसरीकडं. साहेब चिखलात गुडघाभर. येसबा तिथूनच चालला होता. त्यानं बघितलं. शाळेच्या दारात नवं काहीतरी आलेलं. तो उतरला, तोंड भरून हसला, चेपलेल्या पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि साहेबांच्या तोंडात पेढा कोंबला.

"साहेब, अशा आणखी दहा येवोत!"

साहेबांना पेढा गिळता येईना आणि शिवी देता येईना. दोन्ही एकाच वेळी अडकलं.

ताईंनी ऐकलं तेव्हा कपाळ मोकळं नव्हतं, म्हणून त्यांनी भिंतीवर हात मारला. "अरे शहाण्या, कुणाची गाडी बंद पडलेली दिसली, की तोंडातनं अक्षर काढायचं नाही. आपला दोर काढायचा, तिच्या नाकाला बांधायचा आणि हळूच ओढायची. हिसका बसता कामा नये."

"एवढंच ना? आधी सांगायचं की, ताई."

दिवाळी जवळ आली. दीर येऊन काहिलीला हात लावून बघायला लागले. आणि तेवढ्यात खंडेराव सरकारांचा निरोप आला.

सरकार म्हणजे तालुक्याचं मोठं घर. ते जी गाडी घेतील ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चांगली वाटायला लागे. नातीचं लग्न तोंडावर आलेलं. त्यांच्या घराची रीत अशी, की नवरदेवानं सरकारांच्या चांदणी घोडीवर बसूनच मांडवात यायचं. चार वर्षांमागं धाकट्या मुलाच्या लग्नात एका मोटारीनं गुरगुर केली, चांदणी बुजली आणि नवरदेवाला उकिरड्यावर ठेवून निघून गेली. तेव्हापासून सरकारांची एकच अट. "ज्या गाडीपाशी माझी चांदणी कान हलवणार नाही, ती गाडी माझी."

ताईंना वाटलं, आता देवच पावला. पाखराला आवाजच नाही! त्या येसबाला म्हणाल्या, "तू फक्त गाडी पुसत उभा राहा. दुसरं काही करू नको."

सरकारांच्या पटांगणात पाखरू उभं राहिलं. शेजारी राजहंस. पारसनीस साहेबही कमी नव्हते. इंजिनाच्या आवाजानं घोडी आधीच बुजायला नको, म्हणून त्यांनी गडी लावून गाडी ढकलत आणली होती. त्या गडबडीत ब्रेक लावायचा राहिला. एका बाजूला चिंचेखाली चांदणी बांधलेली.

ताई आत सरकारांच्या घरातल्या बायकांबरोबर चहा घेत होत्या. बाहेर पारसनीसांनी सरकारांना राजहंसात बसवलं. थप्प! दार लागलं.

इकडं येसबाची गाडी पुसून झाली. इकडं तिकडं बघतो तर काय, दुसऱ्याची गाडी जागच्या जागी उभी. इंजिन बंद. गडी ढकलून घामाघूम झालेले. बंद पडलेलीच की! येसबानं तोंडातनं अक्षर काढलं नाही. दोर काढला, राजहंसाच्या नाकाला बांधला आणि पाखरात बसून हळूच ओढायला लागला. हिसका बसू दिला नाही.

आत पारसनीस सांगत होते, "सरकार, ह्या गाडीत बसलं, की चालू आहे का बंद हेसुद्धा कळत नाही."

"व्हय की!" सरकार काचेबाहेर बघत म्हणाले. "झाडं मागं चालली. आवाज काय न्हाई!"

पारसनीसांनी काचेबाहेर बघितलं. मग हातातल्या किल्लीकडं बघितलं. मग परत काचेबाहेर.

"आणि किल्ली न लावताच चालती?" सरकारांनी विचारलं.

"हो... म्हणजे... नवीन मॉडेल आहे, सरकार."

राजहंसाचं नाक एवढं लांब, की पुढचं बुटकं पाखरू आतून दिसेचना. गाडी चांदणीच्या शेपटीजवळून गेली. चांदणीनं कान हलवला नाही. उलट जांभई दिली.

"घेतली!" सरकारांनी मांडीवर थाप मारली. "हीच घेतली!"

ताई चहाची बशी हातात घेऊन धावत आल्या. "सरकार, अहो, ती चालतीय ती आमच्या..."

"तुमची बी बघू की ताई, पुढल्या टायमाला."

येसबानं गाडी थांबवली. 'घेतली' हा शब्द त्यानं ऐकला होता. सरकारांच्या दारात नवं काही आलं! तो हसत उतरला, राजहंसाला कुंकू लावलं, सरकारांच्या तोंडात पेढा कोंबला.

"सरकार, अशा आणखी दहा येवोत!"

सरकार पेढा चघळत विचारात पडले. "दहा? बरं सुचवलंस गड्या. वऱ्हाड मोठं हाय. पारसनीस, ही एक राहू द्या तुमच्याकडंच. नव्या दहा लावून द्या. पण अशाच चालल्या पायजेत. लग्न बिनघोर लागलं, तर सौदा पक्का. न्हाईतर सगळ्या माघारी."

ताई तिथंच जोत्यावर बसल्या. त्यांना काहिलीतला गूळ दिसायला लागला.

पण थोड्या वेळानं पारसनीस साहेब टाय सैल करत त्यांच्यापाशी आले. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "ताई, दहा पाखरं मिळतील का? दोरासकट."

ताई ताठ बसल्या. मग उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी येसबाच्या पाठीवर हात ठेवला.

लग्नाचा दिवस उजाडला. पुढं पाखरू, मागं त्याला दोरानं बांधलेली राजहंस, अशा दहा जोड्या. सरकारांनी पुढच्या छोट्या गाड्यांबद्दल विचारलंच. पारसनीस म्हणाले, "ते राजहंसाचे भालदार-चोपदार, सरकार." सरकारांना ते फार आवडलं. वऱ्हाड राजहंसात बसलं. पुढं चांदणीवर नवरदेव, तोंडावर फुलांच्या इतक्या माळा, की आत माणूस आहे हे विश्वासानंच मानायचं. सगळी वरात वेशीपासून मांडवाकडं निघाली. पानाचासुद्धा आवाज नाही. चांदणी डुलत चाललेली. सरकार खूश, पारसनीस खूश. ताईंनी तर रस्त्याकडेला हात जोडले होते.

पहिल्या पाखरात येसबा होता.

पटांगणात घोडी बाजूला होती, म्हणून तो गप्प राहिला होता. आज घोडी समोर होती. समोर जनावर दिसलं की काय करायचं, हे त्याला ताईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. येसबा शिकवलेलं विसरत नसे. त्यानं छाती भरून घेतली.

"घुर्रर्रर्रर्र! पीं पीं पीं! व्हा बाजूलाऽऽ!"

चांदणी बाजूला झाली. इतकी बाजूला झाली, की धुरळा खाली बसला तेव्हा घोडीही नव्हती आणि नवरदेवही नव्हता.

"येसबा!" ताई किंचाळल्या. "पळ! अक्षता पडायच्या आत नवरदेव परत आण! न्हाईतर सौदा गेला आणि कारखानाबी गेला!"

"एवढंच ना? आधी सांगायचं की, ताई." येसबानं दोर सोडला आणि पाखरू पिटाळलं.

चांदणी सुटली होती ती दोन ओढे, एक बाग आणि एक ग्रामसभा ओलांडून थेट हिरेवाडीत जाऊन थांबली. तिथंही एक मांडव होता. तिथले लोक तासभर आपल्या नवरदेवाची वाट बघत होते. त्यांना घोडी दिसली, माळा दिसल्या. "आलाऽऽ!" म्हणून चौघांनी त्याला उचलला आणि पाटावर उभा केला. समोर अंतरपाट, पलीकडं हिरेवाडीची नवरी. मंगलाष्टकं सुरू. चांदणीवरच्या नवरदेवाला धापेमुळं शब्द फुटत नव्हता. शेवटच्या मंगलाष्टकाला कुठं त्याचा श्वास जागेवर आला. त्यानं तोंडावरच्या माळा बाजूला केल्या. "अहो थांबा," असं म्हणण्यासाठी त्यानं तोंड उघडलं.

नेमका तेव्हाच येसबा मांडवात पोचला. ताईंनी नवरदेव आणायला सांगितलेलं त्याच्या चांगलं ध्यानात होतं. पण बघतो तर दारात तोरण, हातात हार, आणि पाटावर नवीकोरी नवरी. आधीचं काम आधी.

तो तोंड भरून हसला, पुढं झाला आणि नवरदेवाच्या उघड्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"शुभ मंगल सावधान!" भटजी ओरडले. अक्षता पडल्या.

"मालक," येसबा नवरीकडं बोट दाखवून म्हणाला, "अशा आणखी दहा येवोत!"