वाळक्या काठ्यांचे रान

फार पूर्वी मिथिलेत धर्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या एका गावी लाकूडतोड्याच्या घरात धाकटा मुलगा होऊन जन्मला. थोरल्याचे नाव उत्तिय. दोघा भावांनी मिळून गावच्या टेकडीवरचे रान तोडून विकले. हरणे गेली, पाखरे गेली, पायथ्याचा झरा आटला. माथ्यावर एक वठलेले झाड तेवढे उरले.

पुढे उत्तिय तापाने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो म्हणाला, "सगळी टेकडी बोडकी. मग त्या मेलेल्या झाडाखालीच हिरवी रोपे का रे?"

"कुणास ठाऊक, दादा."

"बघून ये आणि मला सांग."

बोधिसत्त्व निघण्याआधीच दादा गेला.

गावचा मुख्य भद्दक म्हणाला, "ते वठलेले झाड तोडा. चितेला पुरेल."

"ते नको, काका. तिथले दादाला सांगायचे राहिले आहे."

"मेलेल्याला काय सांगणार? आणि जाळशील कशावर, गवतावर?"

बोधिसत्त्वाने आपल्या झोपडीचे खांब उपसले, आढे उतरवले आणि त्यावर भावाला अग्नी दिला.

घर उरले नाही, म्हणून तो त्या झाडाखालीच राहू लागला. सकाळी दूरच्या रानातून बुलबुल आले, वाळक्या फांदीवर विसावले, शिटून उडाले. त्याने ती विष्ठा काडीने चिवडून पाहिली. आत उंबराचे दाणे होते, करवंदाच्या बिया होत्या. मग तो नदीत वाहून आलेल्या वाळक्या फांद्या गोळा करू लागला आणि टेकडीभर रोवू लागला.

भद्दक बघायला आला. "अरे, पाणीही घाल त्यांना. पालवी फुटेल."

"पाणी नको, काका. पाहुणे येऊन बसले की पुरे."

बारा पावसाळे गेले. काठ्या कुजून पडल्या, तोवर त्यांच्याखाली रान उभे राहिले होते. हरणे परतली. एका उन्हाळ्यात झरा पाझरला. म्हातारा भद्दक ओंजळभर पाणी घेऊन धापा टाकत टेकडी चढला. निम्मे वाटेतच सांडले होते.

"घे," तो म्हणाला. "आता सांग तुझ्या दादाला."

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा भाऊ गमावलेल्या एका तरुण भिक्खूला सांगितली आणि ते म्हणाले, "तेव्हाचा भद्दक तू होतास. धाकटा भाऊ मी. आणि उत्तिय म्हणजे तुझा आता गेलेला भाऊ. त्याला मीही एकदा चितेवर ठेवले आहे."

दुःखातही प्रश्न हातचा न सोडणे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता.