वरच्या पेठेचं वजन

राजधानीत पाण्याचा नवा पाट येणार होता. "ज्या पेठेचं शहरात वजन जास्त, तिला पाणी आधी," असा महाराजांचा हुकूम सुटला. पण पेठेचं वजन मोजायचं कसं?

टेकडीवरच्या पेठेचे गुलाबशेट मिशीला पीळ देत म्हणाले, "त्यात मोजायचं काय, महाराज? आम्ही वर, बाकी सगळ्या पेठा खाली. वजन आमचंच!"

खालच्या पेठेतली भाजीवाली भागाक्का तागडी घेऊनच पुढे आली. एका पारड्यात तिने भोपळा ठेवला, दुसऱ्यात मिरची.

"शेटजी, वर कोण गेलं?"

"मिरची," शेटजी पुटपुटले.

"तेच म्हणते मी. वजनदार असतं ते खाली बसतं. पाण्यालासुद्धा हे ठाऊक आहे!"

महाराज खदखदून हसले. पाट खालच्या पेठेकडे वळला. मिरची मात्र शेटजींना अजून झोंबते आहे म्हणे.