जिवंत माणसाचं बिल

ही गोष्ट खरी आहे. देवाशपथ. म्हणाल त्या पायरीवर हात ठेवून सांगतो.

म्हणजे मी स्वतः तिथं नव्हतो. पण ज्यानं मला सांगितली, तो त्या मठाच्या खालच्या रस्त्यानं एसटीतनं गेला होता. शेळीचा भाग थोडा वाढलेला असू शकतो. बाकी खरी.

"मग चूक कुणाची?" महाराज विचारत होते.

"फाइलची," सुजित म्हणाला.

"बोलाव तिला."

सुजितनं पिशवीतनं लॅपटॉप काढला.

गडहिंग्लजच्या पलीकडं माळावर हा मठ आहे. तिथले महाराज टेम्प्लेट शिकवतात. छोट्या धंद्याचं बिल शीटवर एकदा मांडायचं आणि जन्मभर वापरायचं, ती विद्या. का शिकवतात, ते कुणी विचारत नाही. काही मठांत श्वास घ्यायला शिकवतात, त्यांनाही कुणी विचारत नाही.

सुजित वाठारे कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. तो केलाय हे त्यानं ज्याला सांगितलं नाही, असा माणूस तालुक्यात शिल्लक नव्हता.

त्याची थोरली बहीण, मंगल अक्का, मंडप, खुर्च्या आणि भांडी भाड्यानं देते. लग्नाला तेच पातेलं, तेराव्याला तेच. मधे घासून. बिलं सुजित करायचा. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, नाव खोडायचं, नवं घालायचं, प्रिंट मारायची.

एकदा त्यानं तेराव्याच्या बिलावर लग्नाचं बिल केलं. मेलेल्या माणसाचं नाव नीट खोडलं. नावापुढचं 'कै.' तेवढं राहिलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घरात पाहुणे असताना, नवरीच्या बापाला बिल पोचलं. कै. दत्ताजीराव थोरवत.

ते त्यांच्या बायकोनं वाचलं. त्या दिवसापासनं ती नीट जेवली नाही.

दत्ताजीरावांनी बिल परत पाठवलं. पैसे नाहीत. सोबत निरोप… आमच्या भावकीत तुमचा मंडप पुन्हा लागणार नाही.

अक्का ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सुज्या, असा कागद कर की कुणीही भरला तरी जिवंत माणूस मरणार नाही. जमत नसलं तर माझ्या धंद्यातनं बाजूला हो."

म्हणून तो मठात आला होता. लॅपटॉप घेऊन.

"हे बघा महाराज. टेम्प्लेट. नाव पुसलंय, 'कै.' पण पुसलंय. खरं तर मला शिकायचं असं काही नाही, अक्का म्हणाली म्हणून आलो."

महाराजांनी बघितलं. बोटानं खाली सरकवलं… आणखी खाली.

"यात अजून माणूस आहे."

"शक्य नाही."

महाराजांनी स्क्रीन त्याच्याकडं वळवली. अगदी तळाला, विशेष सूचनेच्या रकान्यात, बारीक अक्षरात होतं. 'आप्पांच्या आवडीची लापशी करणे.'

सुजितनं ते पुसलं. वर तारीख तेराव्याचीच होती. ती पुसली. बिल नंबर जुनाच होता. तो पुसला.

"आता?"

"तू सांग."

सुजितला राग आला. तो ओसरीवर जाऊन बसला आणि त्यानं सगळंच पुसलं. रेघासुद्धा.

"घ्या. आता यात कुणीच नाही."

"अक्का कुठं गेली?"

"तुम्हीच म्हणालात, माणूस नको."

"बेरीज कुठं गेली?"

"…तीपण पुसली."

महाराज उठले. कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं पातेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि सगळं पाणी अंगणात ओतून दिलं.

"काय राहिलं?"

"काही नाही," सुजित म्हणाला.

महाराजांनी पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं घातलं. वरनं पळीनं एकदा वाजवलं.

आत बराच वेळ आवाज घुमत राहिला.

पातेल्यातनं सुजित म्हणाला, "पातेलं राहिलं."

"मग कर."

त्यानं पुन्हा पहिल्यापासनं मांडलं. जे कधी बदलत नाही ते करड्या रंगात. अक्काचं नाव, तिचा फोन, तिचं बँक खातं. वस्तूंचे दर वेगळ्या पानावर. बेरजेचे फॉर्म्युले करड्यात. त्या सगळ्याला कुलूप, वर पासवर्ड. जे दरवेळी बदलतं ते पांढरं ठेवलं. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, बिल नंबर, कार्य कसलं, नग किती. पांढरं म्हणजे कोरं. शेवटी फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह केली, म्हणजे उघडेल तेव्हा नवी कोरी प्रत निघेल, मूळ जागचं हलणार नाही.

यावेळी तो काही न बोलता समोर बसला.

"हे भरणार कोण?" महाराजांनी विचारलं.

"अक्का. नाहीतर कामावरचं कुणी."

"म्हणजे कोण?"

"…कुणीही."

महाराजांनी लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि हाक मारली. "गंगे."

मठाची शेळी आली. लॅपटॉपवर चढली. थोडी फिरली, एके जागी उभी राहिली, विचार केल्यासारखं केलं. उतरताना तिनं कंट्रोलचं बटण उपटून खाल्लं.

महाराजांना ते शुभ वाटलं.

दोघांनी वाकून स्क्रीन बघितली. गिऱ्हाइकाचं नाव, ससससस. खुर्च्या, ४४४. दर बारा. एकूण पाच हजार तीनशे अठ्ठावीस. अक्काचं नाव जागच्या जागी. खातं जागच्या जागी.

सुजितनं फोन काढून गुणाकार करून बघितला. बरोबर होता.

त्यानं आधी महाराजांना हात जोडले. मग थोडं थांबून शेळीला.

"मी पास झालो का महाराज?"

"ती झाली. तू आता नवी प्रत काढ. खरं बिल कर."

सुजितनं कोरी प्रत उघडली. पांढऱ्या चौकोनात एकेक अक्षर म्हणून बघत लिहिलं, श्री. दत्ताजीराव थोरवत. कार्य, लग्न. मंडप, खुर्च्या, पातेली, कढया, सगळे नग घातले. एकूण आपोआप आलं. अडतीस हजार चारशे.

दोनदा वाचलं. कुणी मेलेलं नव्हतं.

"आता हे घेऊन जातो त्यांच्याकडं. आता देतील ते."

"का देतील?"

"बिल बरोबर आहे आता."

"त्यांची बायको जेवायला लागली?"

सुजितनं बिल पुन्हा एकदा वाचलं.

"तिला काय दाखवशील? करडं, का पांढरं?"

शेळी अजून चघळत होती. बटण कडक असावं.

महाराजांनी हात लांब केला. नावाच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि नाव पुसलं. फक्त नाव. बाकी सगळं तसंच राहिलं.

"भर."

"कुणाचं नाव?"

महाराज माळाकडं बघत बसले. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

सुजितनं एकदा बेरजेच्या चौकोनावर बोट आपटून बघितलं. शून्य घालायला. कुलूप होतं. ते त्यानंच घातलेलं, आणि पासवर्ड त्याला येत होता. तो टाकायला त्याचं बोट मात्र उठेना.

मग त्यानं सावकाश लिहिलं, श्री. सुजित वाठारे.

एकूण अडतीस हजार चारशेच राहिलं.

"महाराज… हे अक्काचे पैसे मी भरायचे? एवढे मी गाडीसाठी साठवलेत. आणि थोरवतांच्या घरी कसा जाऊ मग? बिलच नसेल तर तिथं जाऊन म्हणू काय?"

महाराजांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. लॅपटॉप उचलला, त्यावरची शेळीची माती पंच्यानं पुसली, आणि तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"अक्काला रोख देतोस," ते म्हणाले, "का फोनवरनं?"