शेवंताचा दाण्याचा रस्सा

"त्यात आई आणखी काय घालायची, अक्का?"

शिवदासनं तिसऱ्यांदा विचारलं.

कोंडाक्का ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत होती. टरफलं एकीकडं, दाणे सुपात. तिनं मान वर केली नाही, तसा तोच पुढं म्हणाला,

"शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, लसूण, घरचा काळा मसाला. एवढं मला ठाऊक आहे. पण तेवढ्यानं आईसारखं होत नाही. काहीतरी राहतंय..."

"काय राहतंय?"

"तेच तर विचारतोय!"

"मग इचार की. तोंड कुणी धरलंय तुझं?"

आता शिवदास गवसणे हा काही असातसा गडी नव्हता. तालुक्याला स्टँडसमोर त्याची खानावळ, अठरा वर्षांची. दुपारी बाराला तिथं बाकावर जागा मिळेल तर शपथ. भल्याभल्यांनी त्याच्या रश्शाची वाटी चाटूनपुसून साफ केली होती, आणि ही गोष्ट तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा. असा माणूस कुणाच्या ओट्याखाली उकिडवा बसून कालवण शिकेल? नावच काढू नका.

पण बसला होता. कारण त्याचा बाप जेवत नव्हता.

आई, शेवंताबाई, जाऊन दोन महिने होत आले होते. तेरावा उरकला आणि शिवदासनं आप्पांना गावातून उचलून तालुक्याला आपल्या घरी नेलं. तेव्हापासून आप्पा ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, "पोट भरलं" म्हणायचे आणि उठायचे. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरायला लागली. डॉक्टरनं सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "आजार काही नाही. पण म्हातारा असाच उपाशी राहिला, तर दिवाळी बघायचा नाही."

दाण्याचं कूट घातलेली कोंबडी आप्पा आईच्या हातची अगदी शेवटच्या रविवारपर्यंत मिटक्या मारत खायचे. शिवदासनं ती पाच वेळा करून बघितली. पाचही वेळा वाटी जशीच्या तशी परत आली. शेवंताबाई ते कालवण नवी नवरी असताना गावापलीकडच्या वाडीवरच्या कोंडाक्काकडून शिकली होती. म्हणून आज हा सकाळीच पिशवीत कोंबडी घेऊन, मोटारसायकल हाणत इथं हजर झाला.

आणि येऊन बघतो, तर म्हातारीच्या गळ्यात तुळशीची माळ.

"अक्का... तुम्ही माळकरी?"

"म्हायेरास्नं माळ घालूनच आले. सासर खाणारं. अंगणात येगळी चूल, येगळी भांडी. साठ वर्सं रांधलं."

"आणि कधी चाखलं नाही?"

"न्हाई."

शिवदासला हसू आवरेना. जिनं कोंबडीच्या रश्शाला उभ्या जन्मात जीभ लावली नाही, तिच्याकडं हा चाळीस किलोमीटर तुडवत आला होता!

"मग जमलंय का बिघडलंय, हे तुम्हाला कळायचं कसं?"

"खानाऱ्याकडं बघून."

"खाणाऱ्याचं काय घेऊन बसलात अक्का! भूक लागली की माणूस काहीही खातो."

कोंडाक्कानं दाणे भरलेलं सूप त्याच्यापुढं सरकवलं.

"कर. मला बघू दे."

एवढंच हवं होतं त्याला. बाह्या सारून त्यानं अंगणातली चूल पेटवली. दाणे मंद जाळावर खरपूस भाजले, तळव्यात चोळून सालं पाखडली. खलबत्त्यात कूट केलं, तेही जाडसर. दाणा दाताखाली आला पाहिजे, ही त्याच्या खानावळीची खासियत. कांदा-खोबरं भाजून वाटलं. निम्मी कोंबडी तेलात परतली, वर कढत पाणी ओतलं, कूट सोडलं. थोड्या वेळात लालभडक तवंग वर आला आणि शेजारीण काहीतरी निमित्त काढून कुंपणावरून डोकावून गेली.

तो पळीनं चव घेत होता. घ्यायचा आणि स्वतःशीच मान डोलवायचा.

"झालं," तो म्हणाला. "अक्का, आता यात खोट काढून दाखवा."

म्हातारीनं वाकून वास घेतला.

"ब्येस झालंय."

"बेस ना? मग आप्पा का खात नाहीत?"

कोंडाक्का पुन्हा शेंगांकडं वळली. दोन शेंगा फोडून झाल्या...

"शिवदास, तुझ्या बापाला दात किती?"

"काय?"

"दात. किती राहिल्यात?"

आप्पांचा चेहरा त्यानं डोळ्यांपुढं आणून बघितला. हसले की पुढचे चार-पाच दिसायचे. आणि मागचे...? दोन महिने माणूस रोज आपल्या ताटासमोर जेवायला बसतोय. मागचे?

"असतील की... पुढचे तर आहेत."

म्हातारीनं वाटीत रस्सा घेतला, कोंबडीची दोन खांडं घातली आणि त्याच्या हातात दिली.

"खा. फकस्त दात लावायचा न्हाई."

"म्हणजे?"

"चावू नगंस. बाकी खुशाल खा."

ही काय थट्टा, असं त्याला वाटलं. पण त्यानं घास तोंडात घेतला आणि जिभेनं इकडून तिकडं ढकलला. रस्सा उतरला, कूट मागं राहिलं. कण टाळूला चिकटले, हिरड्यांच्या कडेनं जाऊन बसले. कोंबडीचं खांड गालात नुसतं फिरत राहिलं. गिळावं तर घशात अडकेल, थुंकावं तर समोर म्हातारी बसलेली. अखेर त्याला जोराचा ठसका लागला. तो उठून परसात गेला, घास थुंकला आणि चूळ भरून परत आला.

वाटी ओट्यावर ठेवून त्यानं पळी उचलली, उगाच रस्सा ढवळला.

"मी तर त्यांच्यासमोरच बसतो अक्का, रोज. त्यांच्याकडं बघत..."

"काय बघतोस?"

"...माझं कालवण आवडलं का ते."

कोंडाक्कानं आणखी एक शेंग फोडली.

"त्यांच्या दातांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तेराव्याला पंगतीत म्होरंच बसला हुता. भजं गालात धरून बसला. वाढपी म्होरं गेला तसं पत्रावळीखाली सारलं."

आता शिवदासला उमगलं. बापाला लाज वाटत होती तर! सुनेपुढं, नातवंडांपुढं, एवढ्या मोठ्या खानावळवाल्या मुलापुढं भाकरीचा काला करून गिळायची लाज. गावच्या घरात बायको समोर असायची, तिच्यापुढं कसली आलीय लाज. आणि आपण मसाल्याची पुडकी बदलत बसलो होतो. त्याला स्वतःचा असा राग आला, की हातातली पळी चुलीत फेकावीशी वाटली.

"आई काय करायची?" त्यानं हळूच विचारलं.

कोंडाक्कानं बोटानं कोपऱ्यातला पाटा-वरवंटा दाखवला.

उरलेले दाणे भाजून, पाट्यावर घेऊन तो वाटायला बसला.

"झालं?"

"न्हाई."

दाण्यांना तेल सुटलं. गोळा पाट्याला धरायला लागला.

"आता?"

"न्हाई."

अठरा वर्षं मिक्सरचं बटण दाबणारा हात. खांदे भरून आले, कपाळाचा घाम नाकावरून निथळायला लागला. चिमटीत धरून चोळलं तरी कण लागेना, तेव्हा कुठं म्हातारीनं मान हलवली. मग दुसऱ्या पातेल्यात राहिलेली निम्मी कोंबडी मांस हाडावरून आपोआप सुटेपर्यंत शिजवली. हाडं वेचून काढली. मांस अगदी धागा धागा करून त्या मऊ वाटणाच्या रश्शात सोडलं. दिसायला ते कालवण फारच गरीब होतं. ना तवंग, ना खांड. गिऱ्हाइकापुढं असलं ठेवायचं झालं असतं तर शिवदासनं खानावळ बंद केली असती.

सवयीनं त्यानं पळी तोंडाकडं नेली.

"तू कशाला चाखतोस? तू खानार हायस व्हय?"

त्यानं पळी खाली ठेवली. डबा भरला, झाकण घट्ट लावलं, म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं आणि गेला.

चौथ्या दिवशी शिवदास पुन्हा ओट्याखाली उभा. चेहरा पडलेला.

"नाही जमलं मला, अक्का."

"बाप जेवला का न्हाई?"

"जेवले."

"किती?"

"पहिल्या दिवशी वाटीभर. घरी आल्यावर मी बायकोला, पोरांना, सगळ्यांनाच भाकरी कुस्करायला लावली. मीही कुस्करली. काल पाटा आणून घरी वाटलं, तसंच केलं. दोन वाट्या खाल्ल्या त्यांनी. अख्खी भाकरी."

"आन मग रडाया काय झालं?"

शिवदास घुटमळला. लहान पोरागत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"ओरडले माझ्यावर. काल, सगळ्यांसमोर. 'शिवा, अळणी खायला घालतोस का रं? ऊठ, मीठ आण!' ...अठरा वर्षं माणसं जेवू घालतोय अक्का, मला मिठाचा अंदाज नाही? दोन महिने काय वाटेल ते ताटात आलं, कधी एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. आता कुठं धड जेवायला लागले, तर हे..."

कोंडाक्काचे हात थांबले. मग ती हसायला लागली. हातातली शेंग सुपात टाकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

म्हातारीनं पदरानं डोळे टिपले.

"आरं, परक्याच्या घरात मीठ मागतं व्हय रं कुनी?"