राजाचं अळणी नाणं

“येत्या शनिवारच्या बाजारात लोकांनी माझं नाणं आपणहून मागितलं पाहिजे!” राजा यिमेर गरजला. “नाही मागितलं, तर तू आणि तुझा मुलगा, दोघंही मीठ फोडायला वाळवंटात!”

समोर वाकून उभा असलेला गेताहुन सोनार आणखी वाकला. नाणी त्यानंच पाडली होती. दिसायला देखणी, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला राजाचा चेहरा, आणि नाक तर खऱ्यापेक्षाही सरळ! पण घेतंय कोण? इथिओपियाच्या त्या डोंगराळ मुलखात तेव्हा मीठ हाच पैसा होता. वाळवंटातून खेचरांवर लादून मिठाच्या विटा यायच्या. दोन कोंबड्यांना एक वीट, एका खेचराला तीस विटा. पावसात भिजला की पैसा विरघळायचा. गाढवानं चाटला की घरात रडारड! म्हणून तर राजाच्या मनात चांदीचं नाणं आलं होतं.

“महाराज, दवंडी पिटून हुकूमच काढला तर?” गेताहुननं भीत भीत विचारलं.

“काढला होता! लोकांनी बाजारच भरवला नाही. मला आठवडाभर कॉफी मिळाली नाही, कॉफी! आता दवंडी नको, चाबूक नको आणि फुकट वाटणंही नको. तू पाडलंस, तूच खपव!”

गेताहुन घरी येऊन विझलेल्या भट्टीसमोर बसला. घरात नवी सून होती, अस्काले. लग्नाला दोन महिने झाले होते आणि ती इतकं कमी बोलायची, की शेजारणींनी ‘मुकी आहे का हो?’ असं सासूला दोनदा विचारून झालं होतं.

“मामंजी,” ती म्हणाली, “दोन नाणी द्या. मिरच्या घेऊन येते.”

“मी वाळवंटात निघालोय आणि तुला मिरच्या सुचतात?”

“निघाल ते जेवूनच निघाल ना?”

बुधवारचा छोटा बाजार भरला होता. मिरचीवाल्या म्हातारीनं नाणं हातात घेतलं, उलटं केलं, चावलं, मग चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “अळणी आहे गं तुझा राजा!”

“पण चांदीचा आहे, आजी.”

“असेल! पण शनिवारी माल घेऊन आले की जकात नाक्यावर काय देऊ? उचल तो!”

अस्कालेनं नाणी उचलली. मिरच्या राहिल्याच. ती नाक्याजवळ एका दगडावर जाऊन बसली आणि दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिली. मग उठली ती थेट राजवाड्यात.

“काय गं, सासऱ्यासाठी रडायला आलीस?” राजानं विचारलं.

“नाही महाराज. शनिवारी एक गोणी कॉफी बाजारात न्यायचीय, त्याला माणूस हवाय. तुम्ही याल?”

प्रधानाला ठसका लागला.

“मी?”

“हो. घोंगडी पांघरून. कमरेला तुमचीच नाणी, मिठाचा खडासुद्धा नको. आणि आपण राजा आहोत हे नाक्यावर सांगायचं नाही. तुमचं नाणं अडवणारा माणूस मी तुम्हाला दाखवते.”

“दाखव! उलटा टांगतो त्याला!”

“ते तेव्हा ठरवा.”

शनिवारी सकाळी घोंगडी पांघरलेला राजा खेचर ओढत नाक्यावर पोचला. अस्काले मागोमाग होतीच.

“एक गोणी? काढ एक वीट,” नाकेदार वर न बघताच म्हणाला.

राजानं ऐटीत नाणं पुढे केलं.

“हे काय?”

“राजाचं नाणं!”

“ते दिसतंय. वीट काढ.”

“अरे, चांदी आहे! वर राजाचा चेहरा आहे!”

“चेहऱ्याचं काय करू, कालवणात घालू? खजिन्यात मीठच जमा होतं. हुकूम आहे तसा.”

“कुणाचा हुकूम?”

“कुणाचा म्हणजे? राजाचा! कुठून येतात असले गावंढळ! हो बाजूला, मागे रांग लागलीय.”

राजानं घोंगडी भिरकावली. नाकेदार सपशेल आडवा झाला.

“हाच का तो? टांगा याला!”

“थांबा महाराज!” अस्काले म्हणाली. “तो बिचारा हुकूम पाळतोय. तुमचं नाणं सगळ्यांत आधी नाकारणारा माणूस वेगळाच आहे.”

“कोण तो?”

“तुम्ही!”

राजानं हातातलं नाणं उलटंसुलटं करून बघितलं.

“तुमचं नाणं तुम्हीच घेत नाही, मग मिरचीवाल्या आजीनं कशाला घ्यावं? आजपासून नाक्यावर नाणंच घ्या. बघा कसे मागत येतात!”

“अगं, पण लोक ते आणणार कुठून?”

“मामंजी त्या झाडाखाली पेटी घेऊन बसलेत. मीठ द्या, नाणं घ्या.”

राजानं नाकेदाराकडे बघितलं. “ऐकलंस ना? मग ऊठ, आणि नाणं माग!”

घटकाभरात झाडाखाली ही झुंबड! सगळ्यांच्या पुढे मिरचीवाली म्हातारी. “ए सोनारा, मला आधी! अळणी तर अळणी, पण दोन दे!”

राजा खूश झाला. “पोरी, जिंकलीस! जा, तुझ्या घराला सात पिढ्या जकात माफ!”

“नको, महाराज!”

“नको? का?”

“जकातच द्यायची नसेल, तर तुमचं नाणं मला कशाला हवं?”

राजा इतका हसला, इतका हसला, की खेचराच्या गळ्यात पडून त्याला डोळे पुसावे लागले. “मग भर जकात! आणि भरायला हे घे!” म्हणत त्यानं कमरेची अख्खी पिशवी तिच्या ओंजळीत रिकामी केली. कॉफीची गोणी दिली, खेचरही दिलं, आणि स्वतः हसत हसत पायीच राजवाड्याकडे निघाला.