उदेभान राजाची न डुलणारी होडी

राजा उदेभान तळ्यात पडला आणि काठावरच्या सगळ्या धीवरांची चूल बंद झाली.

पडला तो आपल्याच करणीने. बदकांच्या शिकारीला गेला होता. एका खोडातून कोरलेला धीवरांचा अरुंद डोंगा, त्यात मुकाट बसून राहायचं. पण हा बाण मारायला उभा राहिला, आणि वर आपला नेम दिवाणांना दिसतोय की नाही हे बघायला मागे वळला. बदकं उडाली, राजा बुडाला. कवडू धीवराने त्याला शेंडीला धरून वर काढलं. मिशीला शेवाळ लोंबत होतं. काठावर कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढं पुरे झालं. राजाने दरबार भरवला.

"मला एक होडी हवी. मासे धरायला चालेल आणि बदकंही मारता येतील अशी. उभा राहिलो तरी डुलता कामा नये. देवनळाच्या दाट बोरूबेटांतून सरळ जावी. एका माणसाला डोक्यावरून नेता यावी. बदकं बुजू नयेत. आणि उलटली तरी माझं नाक पाण्यात जाऊ नये. पौर्णिमेपर्यंत मिळाली नाही, तर धीवरांचे सगळे डोंगे फोडून माझ्या मुदपाकखान्यात सरपणाला घाला. तोवर तळ्यात ना डोंगा उतरेल, ना जाळं."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. डोंगा त्यांच्याइतका कधी डुलला नसेल.

कवडूचा डोंगा त्याच्या बापाने कोरलेला होता. आता तो काठावर पालथा पडला होता, आणि उन्हाने चिरू नये म्हणून कवडू रोज त्यावर पाणी शिंपडत होता. उद्या जाळायच्या लाकडावर आज पाणी शिंपडणारा बाप त्याची लेक मनकर्णा रोज बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "राजाला होडीत नाचायचंय. मग होडी कशाला, अंगण घ्यावं."

"हळू बोल, बाई. पहारेकरी आहे."

"त्यालाही ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाने घरातली जुनी मडकी काढली आणि एकेक करून तळ्यात पालथी सोडून दिली.

पहारेकरी ओरडला, "ए पोरी, तळं बंद आहे!"

"डोंगा आणि जाळं बंद आहे, दादा. मडक्यांचं नाव हुकमात नाही."

पहारेकऱ्याने बराच विचार केला. मग 'धीवराची पोर खुळी झाली' असं ठरवून तो पुन्हा डुलक्या घेऊ लागला. मडकी तरंगत राहिली. आधी बदकं बिचकली. मग जवळून पोहू लागली. शेवटी एक मादी मडक्याला टेकून पिसं साफ करायला लागली. कवडूने ते पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी तो मिशीतल्या मिशीत हसला.

पौर्णिमा आली. दिवाणांनी होडी आणली ती लग्नाच्या मांडवाएवढी, वर छत, खाली गादी. वाहून आणायला वीस गडी लागले, आणि देवनळात शिरली ती तिथेच रुतून बसली. सेनापतींची होडी काकडीसारखी निमुळती. राजाने तीत पाय ठेवला, शिंकला, आणि पुन्हा त्याच्या मिशीला शेवाळ लागलं.

"फोडा ते डोंगे!" राजा गरजला.

तेवढ्यात डोक्यावर रुंद तोंडाचं मोठं मडकं घेऊन मनकर्णा पुढे आली. मडक्याच्या गळ्याशी दोन भोकं होती.

"महाराज, होडी आणलीय."

दिवाण खो खो हसले. "हे मडकं आहे, पोरी. तेही भोकांचं."

"असेल, दिवाणजी. तुमची होडी आहे, पण ती चिखलात उभी आहे. माझं मडकं आहे, पण ते पाण्यावर चालतं."

तिने मडकं पाण्यात सोडलं, त्याच्या तोंडावर पोट टेकून आडवी झाली आणि पाय हलवत देवनळातून सरळ आत गेली. भोकं पाण्याच्या वरच राहिली. राजाने मान हलवून मासे धरायची परवानगी दिली तशी तिने कमरेची जाळीची झोळी बुडवली. परतली तेव्हा झोळीत तीन मरळ मासे तडफडत होते.

"मासे झाले," राजा म्हणाला. "बदकांचं काय? आणि ही उलटली तर?"

"उलटली की बदकं, महाराज. पागोटं काढा."

"महाराजांनी पागोटं काढायचं?" दिवाण किंचाळले.

"बदकांना मुजरा करायची सवय नाही, दिवाणजी. त्यांना पागोटं कळत नाही."

राजाने पागोटं काढलं. तिने मडकं पालथं करून त्याच्या डोक्यावर ठेवलं. भोकं डोळ्यांसमोर आली. गळ्याएवढ्या पाण्यात, पायाखाली घट्ट तळ, राजा हळूहळू चालत गेला. बदकांना वाटलं, आणखी एक मडकं आलं. ती हललीही नाहीत. राजाने पाण्याखालून हात घातला आणि एकाचे पाय पकडले.

काठावर दरबारी हात जोडून उभे होते. समोर तळ्यात पंधरा मडकी तरंगत होती, आणि मुजरा कुठल्या मडक्याला करायचा ते कुणालाच कळेना. दिवाणांनी सगळ्यांनाच केला.

राजाने भोकांतून ते पाहिलं. मडक्यात असं काही हसू घुमलं की तळ्यावरची सगळी बदकं एकदम उडाली, हातातलंही निसटलं.

राजा वर आला तोही हसतच. "पोरी, आता मलाही तुझ्यासारखं आडवं होऊन मासे धरायचेत."

मनकर्णाने त्याच्या पोटाकडे पाहिलं. "तेवढं आमच्याकडेच राहू द्या, महाराज. त्या मापाचं मडकं कुंभाराने अजून घडवलेलं नाही."

राजाला इतकं हसू आलं की तो काठावर बसलाच. "तळं तुमचं!" तो म्हणाला. "पिढ्यान् पिढ्या तुमचं. डोंगे उतरवा."

"आणि महाराज, मुदपाकखान्याचं सरपण?" दिवाणांनी विचारलं.

"तुमची होडी आहे ना," राजा डोळे पुसत म्हणाला. "वीस गडी बोलवा."

कवडूने तोवर डोंगा सुलटा केला होता.