मादरचं बावखल

वसईकडच्या माळोडी गावात केळीच्या वाड्या ओलांडल्या की मादरचं बावखल लागतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. हाकेच्या अंतरावर खारी खाडी, आणि तरी ह्याचं पाणी गोड. गावातले म्हातारे इनासबाबा तुस्कान पाहुण्यांना इथे आणतात, आधी ओंजळभर पाणी पाजतात आणि मगच तोंड उघडतात. "हे कसं होतं ते मला विचारू नका," ते म्हणतात. "जिच्यामुळे होतं तिचं ऐका."

तिचं नाव उर्सुला. फिरंग्यांच्या अमदानीतली गोष्ट. गावच्या दुमिंग पाटलाची ही भावांच्या पाठीवरची एकुलती एक लेक. पाटील शब्दाचा पक्का आणि रागाचा त्याहून पक्का. त्यानं सोन्यासारखं स्थळ आणलं, तर लेकीनं मठाची वाट धरली. "मी जेजूला शब्द दिलाय," म्हणाली. जेजू म्हणजे येशू. इथली जुनी माणसं असंच म्हणतात. पाटील उंबऱ्यात उभा राहून गरजला, "जा मग! उद्या कुणी विचारलं, कुणाची गं तू, तर माझं नाव सांगू नको!"

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं खुंटलं. बावखलाकाठच्या मठात उर्सुला पोरक्या मुली सांभाळू लागली, गाव तिला मादर, म्हणजे आई, म्हणू लागलं. पाटील मात्र वाडीत जाताना बावखलाला लांबचा वळसा घाली. हट्टी माणसाचे पाय आधी दुखतात, असं इनासबाबा इथे हसून सांगतात.

मग एका उन्हाळ्यात खाडीतून चाचे आले. क्रूस दिसला की त्यांच्या म्होरक्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण पूर्वी कधीतरी त्याचं गलबत फुटलं होतं, तेव्हा दुमिंग पाटलानं त्याला घरात घेऊन जगवलं होतं. त्या मिठाला जागून त्यानं शपथ घेतली होती, पाटलाच्या लेकराबाळांना धक्का लागणार नाही. मठाला वेढा पडल्याचं कळताच पाटील अनवाणी धावत आला.

म्होरक्यानं तलवारीचं टोक आधी मुलींकडे वळवलं. "ह्या कुणाच्या?"

मुली मादरच्या झग्याला बिलगल्या होत्या. उर्सुलेनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाटलाच्या."

म्होरक्या पाटलाकडे वळला. पाटलाला एक क्षण लागला म्हणे, जास्त नाही. "माझ्याच," तो म्हणाला. मुली सुटल्या.

"आणि कुणाची गं तू? गळ्यातला क्रूस पाण्यात टाक, बापाचं नाव घे आणि घरी जा."

"सांग, उर्सू!" पाटलानं हात जोडले. "माझं नाव सांग! तेव्हाचं बोलणं मी गिळलं गं!"

बापाच्या तोंडून 'उर्सू' ऐकायला लेक किती तरसली होती! घर, बाप, सगळं एका शब्दावर परत मिळत होतं. पण त्यासाठी क्रूस टाकायचा होता. तिनं तो मुठीत धरला.

"रागानं नाही सांगत, बाबा. मी जेजूची."

तलवार फिरली. मादर बावखलात पडली तेव्हाही मूठ मिटलेलीच होती. पाटील पाण्यात उतरला, लेकीला उचलून त्यानं काठावर आणलं आणि साऱ्या गावादेखत म्होरक्याला म्हणाला, "जेजूची. आणि माझी."

म्होरक्याची मान खाली गेली. त्याच्या हातून शपथ मोडली होती. त्याचं गलबत पुन्हा ह्या खाडीत दिसलं नाही, असं सांगतात. तोवर मचूळ असलेलं बावखलाचं पाणी त्या दिवसापासून गोड झालं. त्या पोरक्या मुली पाटलाच्याच घरात वाढल्या आणि त्याच घरातून त्यांची लग्नं लागली.

आजही मादरच्या सणाला गावच्या मुली काठावर उभ्या राहतात. ज्यांना बाप नाही, त्यांचा मान पहिला. पाटलाच्या वंशातला कर्ता पुरुष पाण्यात उतरतो, ओंजळ भरतो आणि विचारतो, "कुणाची गं तू?"

मुलगी म्हणते, "जेजूची."

आणि तो तिला पाणी पाजत म्हणतो, "आणि माझी."